सायकल कोणाला मिळते?



आजचा विषय सायकल. पण सायकलने वजन किती उतरतं, गुडघे कसे टिकतात, हे मी सांगणार नाही. ते सांगणारे पुष्कळ आहेत आणि त्यांची पोटं माझ्यापेक्षा सपाट आहेत. मला बोलायचं आहे ते नोकरी देणाऱ्याकडून मिळणाऱ्या सायकलबद्दल. कामावर जाण्यासाठी सायकल घ्यायची आणि तिचे पैसे पगारातून थोडे थोडे कापून घ्यायचे, अशा योजनेबद्दल. अशा दोन योजना मी जवळून पाहिल्या. एक आपल्या केंद्र सरकारची, जी आता बंद आहे. दुसरी ब्रिटनमधली, जी जोरात चालू आहे. पहिलीच्या अर्जांवर मी नोकरीत असताना ढिगाने सह्या केल्या. दुसरीचा करार २०२५ च्या उन्हाळ्यात मुलीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून, चष्मा लावून, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

माझी ओळख थोडक्यात. मी जबलपूरचा मराठी माणूस. खडकवासल्याला एनडीएमध्ये शिकलो आणि पदवीही तिथलीच. तिथे तीन वर्षं सायकल हाच आमचा संसार. वर्गावर जाताना तुकडीने, रांगेत सायकली चालवायच्या, आणि काही चुकलं की सायकल आपल्याला नाही, आपण सायकलला वाहून न्यायचं, खांद्यावर घेऊन. पुढे आर्मी ऑर्डनन्स कोअरमध्ये आयुष्य गेलं. म्हणजे लढाईच्या गोष्टी माझ्याकडे कमी, गोदामाच्या जास्त. कोणती वस्तू कोणाच्या नावावर आहे, तिची आज किंमत किती, ती हरवली तर भरपाई कोण देणार, हे विचारायची सवय लागली ती सुटलेली नाही.

मुलगी नॉटिंगहॅमला असते. बीस्टन नावाच्या उपनगरात घर आणि एका रुग्णालयात क्ष-किरण विभागात नोकरी. नॉटिंगहॅम म्हणजे रॅले सायकलींचं गाव. माझ्या वडिलांच्या पिढीत ‘रॅले आहे’ असं म्हटलं की लोक एकदा वळून बघत. आसनसोलला सेन-रॅलेचा कारखाना होता, तोच हा घराणा. मी मोठ्या उत्साहाने जुना कारखाना बघायला गेलो. तिथे आता विद्यापीठाच्या इमारती आहेत, तळं आहे, बदकं आहेत. सायकली बनवणं तिथे २००२ मध्येच थांबलं.

तर मुलीला कामावर जायला सायकल हवी होती. ती म्हणाली, “बाबा, ऑफिसची स्कीम आहे, मोबाईलवर दोन मिनिटांत होतं.” दोन मिनिटांत होणाऱ्या गोष्टीवर माझा विश्वास नाही. मी म्हटलं, कागद दाखव.

ही ‘सायकल टू वर्क’ योजना १९९९ च्या तिथल्या वित्त कायद्यातून आली. गंमत अशी की यात सायकल तुम्ही विकत घेतच नाही. ती तुमची कंपनी घेते आणि तुम्हाला भाड्याने देते, बहुधा बारा महिन्यांसाठी. त्या बदल्यात तुम्ही पगाराचा तेवढा भाग सोडता. तिकडे याला ‘सॅलरी सॅक्रिफाइस’ म्हणतात. सॅक्रिफाइस हा शब्द आम्ही वेगळ्या ठिकाणी ऐकलेला, त्यामुळे मला जरा हसू आलं. फायदा कुठे? पगाराचा तो भाग कर लागण्याच्या आधीच बाजूला होतो. त्यावर प्राप्तिकर नाही आणि नॅशनल इन्शुरन्स नावाची जी वर्गणी तिकडे कापतात, तीही नाही.

हिशेब मांडू या, त्याशिवाय समजणार नाही. सायकल, कुलूप, दिवे, हेल्मेट मिळून एक हजार पौंड धरा. बारा महिन्यांत भागले की महिन्याला सव्वाअठ्ठ्याऐंशी नव्हे, नीट सांगतो, त्र्याऐंशी पौंड आणि तेहतीस पेन्स. माझ्या मुलीचा कर वीस टक्के आणि वर्गणी आठ टक्के, म्हणजे अठ्ठावीस टक्के वाचले. हातात येणारा पगार महिन्याला फक्त साठ पौंडांनी कमी झाला. वर्षाचे सातशेवीस. दुकानात एक हजाराची सायकल सातशेवीसला! जाहिरात इथेच थांबते.

आता करार पुढे वाचा. वर्ष संपलं तरी सायकल तुमची नाही. भाड्याची मुदत संपली, एवढंच. ती तुमच्या नावावर व्हायची तर त्या दिवसाची बाजारकिंमत तुम्ही द्यायची, आणि ती किंमत किती धरायची याचा तक्ताच तिथल्या कर खात्याने दिलेला आहे. मूळ किंमत पाचशे पौंडांहून जास्त असेल तर एक वर्षानंतर पंचवीस टक्के. म्हणजे आणखी अडीचशे पौंड. सातशेवीस अधिक अडीचशे, नऊशे सत्तर. एवढा कागदी खटाटोप करून वाचले किती, तर तीस पौंड.

मग लोक काय करतात? तोच तक्ता पुढे सांगतो की चार वर्षांनंतर किंमत सात टक्केच राहते. म्हणून पहिलं वर्ष संपल्यावर सत्तर पौंड अनामत ठेवायची, आणखी तीन वर्षं भाडं न देता वापरायची आणि चौथ्या वर्षाअखेरीस तीच अनामत किंमत म्हणून वळती करायची. एकूण सातशे नव्वद. ही खरी बचत, दोनशे दहा पौंड, आणि ती वाईट नाही. पण चार वर्षं ती वस्तू दुसऱ्याच्या खातेवहीवर राहते हे लक्षात ठेवायचं. मला हा तक्ता फार आवडला. आमच्याकडे जुन्या सामानाची किंमत ठरवायला अधिकाऱ्यांचं मंडळ बसायचं, चहा व्हायचा, वाद व्हायचा. इथे एका कोष्टकात काम झालं.

कराराची आणखी काही कलमं मी मुलीला मोठ्याने वाचून दाखवली. नोकरी सोडली तर उरलेले हप्ते शेवटच्या पगारातून एकदम कापले जातील, आणि ते कर लागल्यानंतरच्या पैशातून, म्हणजे तेवढ्या भागावर सवलत नाही. सायकल चोरीला गेली तरी हप्ते चालूच, म्हणून विमा आधी. सायकलचा निम्म्याहून जास्त वापर कामावर जाण्या-येण्यासाठी असावा. रोज किती मैल झाले याची वही मात्र ठेवावी लागत नाही. आणि बाळंतपणाची रजा जवळ असेल तर आकडे पुन्हा मांडावेत. रजेतला पहिल्या सहा आठवड्यांचा पगार सरासरी वेतनाच्या नव्वद टक्क्यांनी ठरतो, आणि सरासरी काढतात ती पगार सोडल्यानंतरच्या रकमेवर. हे कलम मुलीच्या मैत्रिणीपैकी एकीनेही वाचलेलं नव्हतं. पूर्वी बहुतेक ठिकाणी एक हजार पौंडांची मर्यादा असे. २०१९ मध्ये सरकारने मार्गदर्शन बदललं, तेव्हापासून परवाना असलेल्या मध्यस्थ कंपनीमार्फत महागडी इलेक्ट्रिक सायकलसुद्धा घेता येते.

सायकल निवडायला मीही गेलो. दुकानातला मुलगा हलकी, बारीक टायरची, खाली वाकलेल्या हँडलची सायकल पुढे करत होता. सुंदर होती. पण तिला मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, स्टँड नाही. ज्या गावात सकाळी ऊन आणि दुपारी पाऊस, तिथे मडगार्डशिवाय कामावर जायचं म्हणजे पाठीवर चिखलाची रेघ घेऊन हजेरी लावायची. आम्ही घेतली ती साधी, सरळ बसायची. गिअर मागच्या चाकाच्या हबमध्ये बंद, त्यामुळे पावसाचं पाणी आणि मीठ त्यात जात नाही. तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि उघडी चेन महिनाभरात तांबूस होते. टायर जाड आणि पंक्चरला दाद न देणारे. पुढे पांढरा दिवा, मागे लाल, हे रात्री कायद्याने लागतंच. सगळ्यांत जास्त वेळ मी कुलपावर घालवला. इंग्रजी यू आकाराचं जाड पोलादी कुलूप, आणि चौकट व मागचं चाक दोन्ही त्यात अडकलं पाहिजेत. पातळ केबलवाली कुलपं ही मनाचं समाधान आहेत, दुसरं काही नाही.

नॉटिंगहॅममध्ये ट्राम आहे. तिचे रूळ रस्त्यातच आहेत आणि सायकलचं चाक त्या खाचेत गेलं की माणूस सरळ जमिनीवर. रूळ ओलांडायचा तो काटकोनात, वेग कमी करून, आणि ओल्यात ब्रेक न दाबता. मी मुलीकडून रविवारी सकाळी रिकाम्या चौकात हे वीस वेळा करून घेतलं. ती चाळिशीला आली आहे. लोक बघत होते. बघू देत.

इथवर सगळं चांगलं चाललं होतं. मग ते डिचोलीकरांचं प्रकरण आलं.

डिचोलीकर हे त्यांचं नाव नव्हे. गोव्यातल्या डिचोलीकडचे म्हणून मी तसं म्हणतो. पोर्तुगीज पासपोर्टवर पुष्कळ गोवेकर तिकडे गेलेले आहेत, त्यांतलेच हे. पन्नाशी ओलांडलेली. मुलीच्या रुग्णालयात सफाईचं काम कंत्राटावर आहे, त्या कंत्राटदाराकडे ते कामाला. पाळी पहाटे सहाची. त्या वेळेला बस आणि ट्रामचं त्यांना नीट जुळत नसे, म्हणून पाऊण तास चालत यायचे. माझ्या मुलीला ते ‘बाय’ म्हणतात. तिची नवी सायकल रुग्णालयाच्या स्टँडवर त्यांनी पाहिली, हात फिरवला आणि विचारलं, ही कशी मिळाली. तिने सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या कंपनीत विचारलं. कंपनीतही ही योजना होतीच, भिंतीवर पोस्टर लावलेलं. पण उत्तर आलं, तुम्हाला मिळणार नाही.

घरी जेवायला आले होते, तेव्हा त्यांनी मला विचारलं, “कर्नलसाहेब, माका कित्याक ना?”

कारण सरळ होतं. त्या वर्षी एप्रिलपासून एकवीस वर्षांवरच्या माणसाला ताशी बारा पौंड एकवीस पेन्स हे किमान वेतन होतं, आणि यांना मिळत होतं तेवढंच. पगार सोडला तर वेतन किमान रेषेच्या खाली जातं, आणि ते बेकायदा. कायदा चांगला आहे. तो नसता तर मालकांनी किती प्रकारचे ‘सॅक्रिफाइस’ शोधून काढले असते याची कल्पना करा. पण परिणाम पाहा. त्याच रुग्णालयातल्या मोठ्या डॉक्टरला चाळीस टक्के कर आणि दोन टक्के वर्गणी, म्हणजे बेचाळीस टक्के सूट. तीच हजाराची सायकल त्याला साडेसहाशेला. माझ्या मुलीला सातशे नव्वदला. डिचोलीकरांना दुकानातल्या पूर्ण भावाने, रोख. आणि प्रत्येक हजारामागे मालकाचीही पंधरा टक्के वर्गणी वाचते, ती वेगळीच. ज्याच्याकडे मोटार आहे त्याला सायकल सर्वांत स्वस्त, आणि जो पहाटे पाच वाजता अंधारात चालत निघतो त्याला ती योजनेत नाहीच. कोणी दुष्टपणा केलेला नाही. योजना करसवलतीवर उभी केली की असंच होणार. जो कर जास्त भरतो त्यालाच ती जास्त देणार.

मला तेव्हा आपला सायकल ॲडव्हान्स आठवला. केंद्र सरकारच्या कमी वेतनाच्या कर्मचाऱ्यांना सायकल घेण्यासाठी बिनव्याजी उचल मिळत असे. ठरावीक पगाराच्या वर असलात तर ती तुम्हाला नाही. म्हणजे नेमकं उलटं. आमच्या डेपोत मजदूर, टिंडेल, चौकीदार, सफाईवाले अर्ज आणायचे. टिंडेल म्हणजे जड पेट्या उचलणाऱ्या टोळीचा मुकादम. मी सही करायचो, पैसे मिळायचे, मग दुकानाची पावती जोडायची आणि पगारातून लहान लहान हप्ते कापले जायचे. सायकल पहिल्या दिवसापासून त्याची. रक्कम फार नसे, पण एक काळी, दणकट, मागे कॅरिअर असलेली सायकल त्यात येई. एका टिंडेलने नवी सायकल माझ्या ऑफिससमोर आणून उभी केली होती, चौकटीवरचं प्लास्टिक तसंच ठेवून. मी बदली होऊन निघालो तेव्हाही ते प्लास्टिक होतं, फाटून लोंबत असलेलं. जबलपूरला आयुध कारखान्यांची पाळी सुटायची तेव्हा भोंग्यानंतर रस्ता सायकलींनी भरून जायचा. त्यांतल्या किती अशा उचलीवर घेतलेल्या असतील, मोजायला हवं होतं.

डिचोलीकरांसाठी मी तिकडचे नियम शोधायला बसलो. रिकामा निवृत्त अधिकारी फार धोकादायक असतो. आणि सापडलं. मालकाने दिलेली बिनव्याजी उचल वर्षभरात दहा हजार पौंडांच्या आत असेल तर तिच्यावर कर नाही. आणि अशा उचलीचा हप्ता पगारातून कापला तर किमान वेतनाचा नियम मोडत नाही, कारण तो माणूस आपण घेतलेलेच पैसे परत देत असतो. म्हणजे आपला जुना सायकल ॲडव्हान्स तिथल्या कायद्यात जसाच्या तसा बसतो. फक्त तो कोणी मागत नाही, आणि त्यात मालकाची वर्गणी वाचत नाही म्हणून कोणी पोस्टरही लावत नाही.

अर्ज मी लिहिला, एका पानाचा. नवी सायकल मागितली नाही. जुन्या सायकली दुरुस्त करून विकणाऱ्या एका दुकानात मडगार्डवाली चांगली सायकल एकशे साठला होती. कुलूप पस्तीस, दिवे पंचवीस, हेल्मेट वीस. एकूण दोनशे चाळीस पौंड, महिन्याला तीसप्रमाणे आठ हप्ते, नोकरी सुटल्यास बाकी शेवटच्या पगारातून. नियमाचं नाव, तारीख, सही. डिचोलीकर म्हणाले, एवढं कडक लिहू नका, साहेब रागावेल. मी म्हटलं, यात राग येण्यासारखं एकही विशेषण नाही.

पहिलं उत्तर आलं, असं धोरण नाही. आम्ही परत पाठवलं आणि एकच वाक्य वाढवलं, नकाराचं कारण लेखी कळवावं. तीन आठवड्यांनी होकार आला. योजना म्हणून नाही, खास बाब म्हणून, आणि इतरांना सांगू नये अशी तोंडी सूचना. गोव्याचा माणूस आणि गोष्ट स्वतःपाशी ठेवणार? त्याच आठवड्यात आणखी चौघांनी अर्ज केले. सप्टेंबरमध्ये मी परत निघालो तेव्हा त्यांना उत्तर आलेलं नव्हतं. मुलगी सांगते, दोघांचे झाले, दोघे अजून लटकले आहेत. त्यांना मी कळवलंय की अर्जाची दुसरी प्रत जपून ठेवा.

आता आपल्याकडे या. सातव्या वेतन आयोगानंतर, ऑक्टोबर २०१६ मध्ये, केंद्र सरकारच्या बहुतेक बिनव्याजी उचली बंद झाल्या आणि त्यांत सायकलचीही गेली. २०१७ मध्ये सायकल भत्ता मात्र वाचला. टपाल खात्यातले पोस्टमन आणि रेल्वेचे ट्रॅकमन यांच्यासाठी तो महिन्याला नव्वद रुपयांवरून एकशे ऐंशी झाला. ट्यूब बदलायला पुरे. आणि कंपन्यांचं म्हणाल तर प्राप्तिकराचा वर्षानुवर्षं चालत आलेला नियम असा की कंपनीने लॅपटॉप वापरायला दिला तर कर नाही, पण सायकल दिली तर तिच्या किमतीच्या दहा टक्के दरवर्षी तुमचं उत्पन्न म्हणून धरायचं. मला हे कधीच उमगलेलं नाही. लॅपटॉप माणसाला खुर्चीत बसवतो.

तरीही एक दार उघडं आहे, आणि ते डिचोलीकरांचंच आहे. आपल्याकडेही मालकाने दिलेल्या बिनव्याजी कर्जाची एकूण बाकी ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर त्यावर कर नाही. वीस हजारांच्या आत कामावर नेणारी चांगली सायकल मिळते. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलवरचा जीएसटी बारा टक्क्यांवरून पाचवर आला, तेवढा दिलासाही आहे. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला, हुबळीला की हैदराबादला, तुमच्या कारखान्यात, शाळेत, सोसायटीत कामावर येणारे सुरक्षारक्षक, माळी, शिपाई रोज कसे येतात ते एकदा विचारा. मालक तुम्ही असाल तर उचल द्या. नसाल तर त्यांचा अर्ज लिहून द्या.

अर्ज एका पानाचा असावा. सायकलची किंमत दुकानाच्या कोटेशनसह, त्यात कुलूप आणि दिवे धरून. हप्ता एवढा की महिनाअखेरीस घरात ओढ पडणार नाही. दहा महिने चांगले. नोकरी सुटल्यास बाकीचं काय, ते स्वतःच लिहा, समोरच्याची अर्धी हरकत तिथेच संपते. आणि सायकल पहिल्या दिवसापासून कामगाराच्या नावावर राहील हे वाक्य विसरू नका. शेवटी दोन प्रती, एकीवर पोच.

नमुन्याचा अर्ज मराठीत आणि हिंदीत या पुस्तकाबरोबर देणार आहेत. काही विचारायचं असेल तर आता विचारा, मला घाई नाही.